वटवटच्या पेशी

"डोळा अगदी टेकवू नका. किंचित लांब ठेवा," डॉक्टर म्हणाली.

वटवटच्या आईने पर्स काखेत घट्ट धरली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. डॉक्टरने हलक्या हाताने चाकी फिरवली, तशा धूसर उजेडातून लांबट, निमुळत्या आकृत्या वर आल्या. एकमेकींना खेटून पहुडल्यासारख्या.

"ही ती?"

"तिच्या पेशी. कातडीचा कणभर तुकडा घेतला होता ना, तुम्हाला विचारून. त्यातून वाढवलेल्या."

"जिवंत आहेत?"

"हो. वाढतात, खातात."

"खातात?" आईने मान वर केली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "घरी एका घासासाठी मला घरभर पळवायची."

डॉक्टरही हसली.

त्या मुलीला वॉर्डात सगळे वटवट म्हणायचे. रक्ताचा जन्मजात, क्वचित कुणाला होणारा आजार. पण तोंडाला विश्रांती नाही. डॉक्टर तेव्हा शिकत होती. अर्धा आठवडा रुग्णांपाशी, अर्धा प्रयोगशाळेत, असं दोन डगरींवर पाय ठेवायला लावणारं शिक्षण. प्रयोगशाळेत कंटाळा आला की ती खाली वटवटच्या खाटेवर जाऊन बसायची, आणि वॉर्डात जीव गुदमरला की वर पळायची. मग एका सकाळी ती खाट रिकामी दिसली. डॉक्टर वर गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही.

आधी प्रयोग अर्धवट आहे म्हणाली. मग शोधनिबंध लिहायचाय म्हणाली. पुढे कुणी विचारेनासं झालं, कारण तिचं काम नाव काढण्यासारखं होतं. वटवटच्या पेशींत नेमकं काय कमी पडतंय ते तिने शोधून काढलं. त्यावरून औषध तयार झालं आणि खालच्याच मजल्यावर, त्याच वॉर्डात, ते मुलांना देऊन पाहणं सुरू झालं. त्या मुलांच्या रक्तातला चढउतार तिला पाठ होता. त्यातलं एकही मूल तिने पाहिलं नव्हतं.

तिच्या घरची मंडळी केव्हाच हात टेकून बसली होती. "लोक विचारतात, मुलगी कुठे प्रॅक्टिस करते," तिची आई म्हणायची. "काय सांगू? उंदरांवर?" ती हसण्यावारी न्यायची. पण दुपारी खालून एखाद्या पोराचं रडणं खिडकीतून वर आलं, की तिचा हात थबकायचा. कोण असेल, सुई टोचली असेल का, जवळ कुणी असेल का, असं मनात येत राहायचं. मग ती उठून खिडकी लावून घ्यायची.

"आज जरा रुसलीये ती," डॉक्टर म्हणाली. "काल तिचं पाणी बदलायला उशीर झाला. एरवी याहून टवटवीत दिसते."

वटवटच्या आईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही बोलता हिच्याशी?"

डॉक्टरने पेशींची बशी उचलली, झाकण नीट बसवलं आणि उबेच्या कपाटात परत ठेवली. "कधीकधी," ती कपाटाकडे तोंड करूनच म्हणाली. "सवय झालीये."

"ही ती नाही, डॉक्टर."

"मला माहीत आहे."

"हो," आई म्हणाली. "तुम्ही तर शिकलेल्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. डॉक्टरला तो असता तर बरं वाटलं असतं. ही बाई येणार म्हटल्यावर तिने मनाची सगळी तयारी केली होती. बाई रडेल, तिला सावरावं लागेल. कदाचित पेशी घरी न्यायला मागेल, मग समजूत घालावी लागेल. रुमालसुद्धा हाताशी ठेवला होता. बाईचे डोळे कोरडेच होते.

"चला, तुम्हाला खाली सोडते," डॉक्टर म्हणाली आणि सवयीने मागच्या जिन्याकडे वळली.

"इकडून लांब पडतं," आई म्हणाली. "पुढचा जिना मला पाठ आहे." आणि ती चालूही लागली.

डॉक्टर तिच्या मागे निघाली. पाहुणीला एकटं कसं सोडणार? पुढचा जिना उतरला की समोर मुलांच्या वॉर्डाचं दार होतं. आत कुणीतरी चमचा ताटलीवर बडवत होतं, कुणीतरी त्याला दटावत होतं. औषधाचा आणि दुधाचा मिसळलेला वास आला. डॉक्टरने पावलं भराभर उचलली. आई मात्र दारापाशी थांबली.

"मध्यंतरी इथल्या सिस्टर बाजारात भेटल्या होत्या," ती म्हणाली. "सांगत होत्या, आता पोरं उठून बसतात, भांडतात, एका जागी ठरत नाहीत. तुमच्या औषधाने. मी म्हटलं, मग डॉक्टर खूश असतील. तर म्हणाल्या, त्या या दारातून आत येतच नाहीत."

डॉक्टर दोन पावलं मागे आली. "म्हणून तिला बघायचंय असं कळवलंत?"

"दुसरं काय कळवलं असतं?" आई म्हणाली. "तिला तर मी रोजच बघते, डोळे मिटले की. आज तुम्हाला बघायला आले होते."

आणि तिने वॉर्डाचं दार ढकललं, आणि डॉक्टर आत जाईपर्यंत ते तसंच धरून उभी राहिली.