नऊ नंबरचा नकार

"पुन्हा," नीता म्हणाली. "नुसतं नाही म्हणायचं, या वेळी सॉरी नको."

मुक्ताने ओढून घेतलेला श्वास तसाच सोडला. "सॉरी, ताई."

दोघी हसल्या. पॅसेजमध्ये बाबागाडीत मुक्ताची तान्ही अन्वी झोपली होती, म्हणून हळूच.

नीताने लॉकडाउनमध्ये एनिअग्रामचा ऑनलाइन कोर्स केला होता. माणसांचे नऊ स्वभाव, प्रत्येकाला एक नंबर. सरावाचे तास भरायचे म्हणून ती जर्मनीत, एर्लांगेनमधल्या मराठी मुलींना फुकट कोचिंग द्यायची. मुक्ता पहिल्याच भेटीत नऊ निघाली. शांतता राखणारी. वाद नको म्हणून सगळ्याला हो म्हणणारी.

"तुम्ही नऊवाले तोंडाने नाही म्हणतच नाही," नीता म्हणाली. "उशिरा येता. विसरता. फोन सायलेंटवर ठेवता. समोरच्याने आपलं आपण ओळखावं!"

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर काय, भोगा." नीताने केकची बशी पुढे सरकवली. "घे ना अजून. आज तुझी बस चुकली नि चहाची पार वाट लागली बघ."

मुक्ताने तुकडा घेतला. गेल्या आठवड्यात तर ती यायचंच विसरली होती. लहान बाळ असलं की होतं असं. नीताने मनावर घेतलं नव्हतं.

"तुमचा नंबर कुठला, ताई?"

"दोन. न मागता मदत करणारा!" नीता स्वतःवरच खूश होऊन हसली. "जयंत म्हणतो, तुझ्या मदतीपासून वाचायला मी र्युसेल्सहाइमला नोकरी धरली."

जयंत शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी निघायचा. मुलगी रीना हॅम्बुर्गला शिकत होती. नीताच्या लांबलचक मराठी मेसेजला तिचं 'आल्लेस गुट, ममा', सगळं ठीक, एवढंच उत्तर यायचं. मंगळवारी मुक्ता यायची, तेव्हा मात्र टेबलावर दोन कप मांडावे लागत.

"आल्झो, तर मग तुला ज्यांना नाही म्हणायचंय त्या बाई," नीता खुर्ची ओढत म्हणाली. "नक्की करतात काय त्या?"

"करत काहीच नाहीत हो. प्रेमाने बोलावतात. खायला करून ठेवतात. माणूस फार चांगलं आहे, तेच तर अवघड आहे. वाईट असत्या तर मी कधीच टाळलं असतं."

"फ्राऊ लिंडनरच ना? तुझ्या खालच्या मजल्यावरच्या?"

मुक्ताने कपात पाहिलं. "नाव नको ना, ताई."

"बरं बाई, नको. अगदी नऊ नंबर आहेस!"

दुसरं कोण असणार? प्लमचा जॅम घेऊन सारख्या दार वाजवणाऱ्या त्या म्हातारीबद्दल मुक्तानेच उन्हाळ्यात सांगितलं होतं.

"आणि तुला काय हवंय?" नीताने विचारलं. "त्यांचं राहू दे. तुझं सांग."

मुक्ताने कप बाजूला सरकवला.

"अन्वी दुपारी झोपते, तेवढाच वेळ माझा असतो. एकदा ती उठली की मग क्षितिजचं ऑफिसातून येणं, स्वयंपाक, धुणं, सगळं मागे लागतं. त्या वेळात मला घरी बसायचंय. काही करायचं नाहीये. नुसतं बसायचंय." तिचा आवाज चिरकला. "परवा नळ सोडून रडले बाथरूममध्ये. अन्वी दचकू नये म्हणून."

नीताने तिचा हात हातात घेतला. रीना लहान असताना तिनेही असाच नळ सोडला होता. ते ती कुणालाच बोलली नव्हती.

"मग हे बोलायलाच हवं," ती म्हणाली. "नाहीतर आजारी पडशील. हे बघ, मी होते त्या बाई. तू आलीस. बोल."

तिने शाल सारखी केली आणि आवाज बदलला. "ये ये, मुक्ता. बैस. केक केलाय."

"ताई, मला..."

"ताई कोण? मी आता त्या बाई."

"हो. मला यापुढे यायला जमणार नाही. म्हणजे अन्वीचं..."

"अन्वीला पुढे करू नकोस. तू कारण दिलंस की मी उपाय देणार. मी म्हणणार, अन्वीला मी बघते, तू निवांत चहा घे."

"तेच म्हणतात त्या," मुक्ता पुटपुटली.

"मग! पुन्हा."

मुक्ता पुन्हा बोलली, पुन्हा अडखळली. नीताही हट्टाला पेटली. खरी माणसं सहजासहजी सोडत नाहीत, याची पोरीला सवय व्हायला हवी.

"पण मी दिवसभर एकटी असते ग," ती त्या बाईंच्या आवाजात म्हणाली. "कुणी येणार असलं की घर आवरावंसं वाटतं. तू नाही आलीस तर कुणासाठी आवरू?"

म्हणता म्हणता तिने मुक्ताचा कप पुन्हा काठोकाठ भरला. भूमिका इतकी वठतेय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मुक्ताचे डोळे भरले होते, पण तिने नजर खाली घातली नाही.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी. माझा राग नाहीये तुमच्यावर. पण मला तुमच्याकडे यायचं नाहीये. पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही."

नीता थांबली. आता सॉरी येईल म्हणून वाट पाहत राहिली. आलं नाही.

"गेनाऊ!" तिने टाळी वाजवली, मग अन्वी आठवून हात आवरले. "अग, हेच! थेट, गोड, आणि एकही सबब नाही. जमलं की ग तुला!"

तिने उठून मुक्ताला जवळ घेतलं. मुक्ताने तिला घट्ट धरून ठेवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

मग मुक्ताने जॅकेट चढवलं, अन्वीचं पांघरूण सारखं केलं आणि बाबागाडी दाराकडे वळवली. नीता दार धरून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटत होतं.

"मग?" तिने विचारलं. "त्या बाईंना कधी सांगणार?"

"आत्ताच सांगितलं, ताई."