बाप्तिस्म्याचं पाणी

एस्तेर माझी धाकटी जाऊ. ती दहिसरला, मी मुलुंडला. दोघींना एकाच महिन्यात मुली झाल्या, पण अजून एकमेकींची पोर कुणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. जे होतं ते घरच्या ग्रुपवर. मी माझ्या शेरॉनचा फोटो उजळवून टाकला, की दुसऱ्या दिवशी एस्तेरची पोर आणखी गोरी. सासूबाई तिच्याच फोटोखाली लिहायच्या, "घरात उजेड आला गं." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दोघींचा बाप्तिस्मा एकाच रविवारी ठरला. एस्तेरच्या पोरीचा नंबर आधी. पाळकांनी कपाळावर पाणी ओतलं आणि पांढरे ओघळ पार झबल्यापर्यंत उतरले. खाली चांगला सावळा रंग. मला इतकं बरं वाटलं की हसू लपवायला मी मान खाली घातली.

एस्तेर घाईघाईने रुमाल काढायला लागली. पाळक म्हणाले, "असू दे, पुसू नको. देवाची लेक आहे ती."

ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. डोळे भरले होते. "काय करणार ताई? तुमची शेरॉन फोटोत एवढी गोरी. माझ्या पोरीला कोण विचारणार होतं?"

तेवढ्यात पाळकांनी शेरॉनला हाक मारली. मी पदराने तिच्या तोंडावरची सगळी पावडर पुसून काढली आणि मगच उठले.