तिसरी फेरी

“साडेबारा हजार किलोमीटर,” स्वराजने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. “थेट विमान मिळालंय, तरी टोरंटो ते मुंबई सोळा तास. पुढं कापड्यापर्यंत पाच-सहा तास धर.”

“म्हणजे उद्या सकाळ,” सहदेव म्हणाला. “तवर आबांना ठेवायचं कसं रे?”

ओट्यावर दोघंच होते. वडील चांगूआबा रात्री गेले, हे स्वराजने त्याला आत्ताच बोलावून सांगितलं होतं. सहदेव आतल्या खोलीकडे वळला, तसा स्वराजने त्याचा हात धरला.

“आता नको. पूजा त्यांचं आवरतेय आत.”

सहदेव शेजारचाच. महाडपर्यंत टेम्पो चालवायचा. आबांनीच त्याला लहानपणी सावित्रीत पोहायला शिकवलं होतं. डोळे पुसत तो म्हणाला, “महाडला शवपेटी भाड्यानं मिळते. आणतो.”

“नको. पेटीवाली माणसं घरात येतील. तू बर्फ आण. आणि वाडीत बोलू नको कुणाला. दादा विमानात बसू दे, मग सांगू.”

सहदेवने मान हलवली. स्वराजचं बिचकणं त्याला कळत होतं. तीन वर्षं आबा खाटेवर होते. दोनदा त्यांनी डोळे फिरवले. दोन्ही वेळा थोरला भाऊ दीपक हॉटेलातलं काम टाकून एवढ्या लांबून धावत आला, आणि तो वाटेत असतानाच आबा उठून पेज मागायला लागले. दुसऱ्या खेपेला निघताना दीपक सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाला होता, “आता खरंच झालं तरच फोन कर. पुन्हा असा फुकट बोलावलास, तर भाऊ मेला समज.”

बिचाऱ्याची ही तिसरी फेरी मात्र फुकट जाणार नव्हती.

महाडला बर्फाच्या लाद्या भुशात घालून पोत्यांत बांधत असताना फोन वाजला. दीपक होता.

“सहद्या, खरं सांग. तू बघितलंस आबांना?”

सहदेव अजून त्या खोलीत गेलाच नव्हता. पलीकडे दीपक रडत होता. एवढ्या लांब एकट्याने रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

“बघितलं रे,” तो म्हणाला. “झोपल्यासारखे दिसतात. तू ये.”

“मग बसतो विमानात. आता फोन बंद.”

सहदेव कापड्याला पोचला तेव्हा स्वराजची बायको पूजा अंगणात तांदूळ निवडत होती. डोळे कोरडे. रडून रडून आटले असतील, असं त्याला वाटलं.

“बसले का दादा, भावजी?”

“बसला गो.”

तिने सूप बाजूला ठेवलं, उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. “मग न्या आत.”

सहदेवने एक पोतं खांद्यावर घेतलं. खोलीत अंधार होता. बर्फाचं पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं. खाट दिसेपर्यंत तो दाराशीच थांबला.

“कोण, सहदेव काय?” खाटेवरून आबा म्हणाले. “बर्फ कुणाला रे?”

पोतं खाली आदळलं. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

“राहू दे तिथंच,” बंद दाराला पाठ लावून स्वराज शांतपणे म्हणाला. “दादा सकाळी पोचंल. टाइम हाय अजून.”