सुईआधीचा प्रश्न

"रंगाची सुई देऊन स्कॅन केलं? आणि मला आत्ता सांगताय?" डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तो खुर्चीच्या कडेला टेकला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टच्या खोल पोकळीत वाकून काम करतानाही तो कधी डगमगला नव्हता. आता मात्र त्याला डॉक्टरांकडे बघवत नव्हतं.

बायकोची थायरॉइडची गाठ काढून झाली होती, पण कर्करोगाच्या पेशी फुफ्फुसात उतरल्या होत्या. त्या जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यायची होती. मोठ्या मिनतवारीने सोमवारची तारीख मिळाली होती. आणि गेल्या आठवड्यात तिच्या पोटात कळा उठल्या. तिला उचलून त्याने जवळचा दवाखाना गाठला. स्कॅनसाठी सुई टोचण्याआधी तिथल्या बाईंनी विचारलं, "थायरॉइडचा काही आजार?"

"नाही हो! आधी हिच्याकडे बघा!" तो खेकसला होता. गाठ तर काढलीय, आता कसला आजार, असं त्याला वाटलं.

निघालं काय, तर मुतखडा. तोही आपसूक पडून गेला.

"त्या सुईत आयोडीनच असतं," डॉक्टर म्हणाले. "शरीर त्यानेच भरलंय. पेशी आता आमची गोळी शोषणार नाहीत. दोन महिने तरी थांबावं लागेल."

"आणि तोवर आजार थांबेल?"

डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढून सोमवारची तारीख खोडली.

घरी ती चिमीला न्हाऊ घालत होती. गोळी घेतली की अंगातून निघणाऱ्या किरणांमुळे आईला दवाखान्यात बंद खोलीत एकटीने राहायचं होतं, म्हणून लेकीची कपड्यांची पिशवी मावशीकडे न्यायला भरून ठेवलेली होती. तो दारातच बसला. कसंबसं सगळं सांगितलं.

"मीच तुझ्या मुळावर उठलो गं," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

तिने चिमीला टॉवेलात गुंडाळलं आणि कडेवर घेतलं.

"स्वतःला बोल लावू नका. त्या बाईंचा प्रश्न मीही ऐकला होता. बोलायचं त्राणही होतं. आयोडीनचं काही टोचून घ्यायचं नाही, नाहीतर गोळी पुढे ढकलावी लागेल, हे तारीख देताना नर्सने मला बजावलं होतं."

"मग गप्प का राहिलीस?"

"त्या खोलीतून मी परत आले नाही तर?" तिने लेकीचे ओले केस टिपले. "हिला अजून 'आई' म्हणता येत नाही हो."