मालकाची जागा

यर्नेयला जाऊन चाळीस दिवस झाले, तरी तेरेझियाने नवऱ्याच्या मधमाश्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मालक गेला की प्रत्येक पेटीवर टकटक करून तशी खबर द्यायची, ही बोहिनच्या खोऱ्यातली रीत.

"वहिनी, सांगून टाका बाई. नाहीतर सगळ्या उठून जातील," शेजारचा पोल्दे कुंपणावरून म्हणाला.

"जातायत कशाला? बघ की, कशा कामाला लागल्यात!" ती फणकारली.

चेरीला बहर आला होता. चित्रं रंगवलेल्या पेट्यांसमोर माश्यांची नुसती रीघ लागली होती. फक्त तिसऱ्या पेटीपुढे, यर्नेय रोज सकाळी जिथे उभा राहायचा, तिथे त्या सरळ उडत नव्हत्या. मध्ये कुणी उभं असावं तसा दोन्ही बाजूंनी वळसा घालत होत्या. मधली मोकळी जागा माणसाएवढी उंच होती. यर्नेयसारखाच त्या जागेचाही डावा खांदा जरासा उतरलेला होता.

पोल्देने टोपी काढली आणि तो आपल्या घरात गेला.

तेरेझियाने मन घट्ट करून तिसऱ्या पेटीवर टकटक केली. "पोरींनो, गेले गं तुमचे मालक."

गुणगुण थांबली. सगळ्या माश्या जिथल्या तिथे बसल्या. एकच तेवढी त्या मोकळ्या जागेत, कोपराच्या उंचीवर, हवेतच टेकली आणि बाहीवरून चालावं तशी खाली चालू लागली.

तेरेझियाने हात पुढे केला.

माशी चालत चालत तिच्या बोटांवर आली. मध्ये कुठेही तिला पंख उघडावे लागले नाहीत.