लोण्याशिवाय

आबांनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

मुलीच्या हातातला डाव तसाच राहिला. आबांनी चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात फ्रेंच स्वयंपाक केला होता. दुसऱ्याच्या हातचं खाताना ते डोळे वटारायचे, मिटायचे नाहीत. गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मांस, अंडी, दूध, लोणी, सगळं बंद केलं. तेव्हापासून ती त्यांचेच पदार्थ यातलं काही न घालता रांधत होती आणि ते रोज नावं ठेवत होते. "लोण्याशिवाय सॉस? भांडी विसळलेलं पाणी बरं."

आज मात्र तिनं जीव ओतला होता. कांदे दोन तास मंद आचेवर परतले, मश्रूम रेड वाइनमध्ये मुरवले, दाटपणाला काजू वाटून लावले. शेवटचं जेवण होतं. हात धुतले की न्यायला आलेला भाऊ आबांना आपल्याकडे नेणार होता, कायमचं.

आबांनी पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून काढली.

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तुमचं बघून बघून."

"मी कसलं शिकवतोय! माझ्यापेक्षा सरस झालंय हे."

पंधराव्या वर्षापासून ती या वाक्यासाठी थांबली होती. तिला भरून आलं. तेवढ्यात आबा मुलाकडे वळले. "तू नीघ. मी कुठं येत नाही. आता दुसऱ्या कुणाच्या हातचं घशाखाली उतरायचं नाही."

भावानं तोंडदेखलासुद्धा आग्रह केला नाही. "नशीबवान आहेस बाई," असं म्हणत त्यानं गाडीची किल्ली उचललीसुद्धा.

"आबा, मला नोकरी लागलीय," ती घाईनं म्हणाली. "बाहेरगावी. सोमवारपासून मी..."

"सोमवारी वांगी कर. टोमॅटो, सिमला मिरची घालून. आणि तेलाला हात आखडू नकोस."

आबांचे कान चांगले तिखट होते.

ती ताटली घेऊन ओट्याशी आली. पातेल्याच्या तळाशी चमचाभर सॉस उरला होता. तिनं बोटानं चाखून पाहिला. पुन्हा पाहिला. मीठ, आंबटपणा, कांद्याचा गोडवा, सगळं जिथल्या तिथं. खोट काढायला कुठं जागाच नव्हती.