फिबीमावशीचा प्रश्न

मिंगोने पिस्तूल रोखलं तरी मुकादम टटल खुर्चीतून हलला नाही. त्याला हलताच येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खेचरावरून पडला तेव्हापासून कमरेखाली लुळा झाला होता. रविवारची दुपार होती. मालकाचं सगळं घर चर्चला गेलं होतं आणि टटलला ओसरीत ऊन खायला बसवून ठेवलं होतं.

या घडीसाठी मिंगोने नऊ वर्षं काढली होती. टेक्सासमधल्या या मळ्यावरच्या गुलामीतून पळून तो सरहद्दीची नदी ओलांडून मेक्सिकोत गेला. तिथे त्याच्या पाठीवर चाबूक ओढणारं कुणी नव्हतं. रानटी घोडे माणसाळवून तो पोट भरू लागला. दोन्ही हातांनी नेम धरायला शिकला. आज त्याच्या अंगात निळं मखमली जाकीट होतं, बुटांच्या टाचांना चांदीचे काटे होते. मरण्याआधी टटलने आपल्याला असं नटलेलं पाहावं, ही त्याची फार जुनी हौस होती.

"केटो आणि ज्यूबासाठी आलोय," तो म्हणाला.

गुलामांच्या वस्तीतल्या फिबीमावशीचे ते दोघे मुलगे आणि मिंगो, असे तिघं त्या पहाटे पळाले होते. ब्राझोस नदी पायी ओलांडायच्या उतारावर टटल कुत्री घेऊन आधीच दबा धरून बसला होता. दोघे भाऊ सापडले आणि फासावर गेले. मिंगो लव्हाळ्यात नाकापर्यंत बुडून राहिला, म्हणून वाचला.

"मग घाल की गोळी. उपकार होतील," टटल दात विचकून म्हणाला. "पण तुम्ही उताराकडे निघालात हे मला सांगितलं कुणी, ते तुझ्या बायकोला विचार. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सिल्वीनेच सांगितलं."

"थोबाड बंद कर!"

"माझं आता काय राहिलंय रे, खोटं बोलायला?"

मिंगोचा हात हळूहळू खाली आला. गोळी घातली असती तर टटल सुटला असता, आणि सोमवारी वस्तीतल्या दहा जणांच्या पाठी सोलल्या गेल्या असत्या. त्याने पिस्तूल कमरेला खोचलं आणि वस्तीची वाट धरली.

ओळखीच्या माणसांनी त्याला पाहून दारं लावून घेतली. त्याच्याबरोबर एका ओळीत कापूस वेचलेला टायटस मात्र आडवा आला आणि त्याच्या पायाशी थुंकला.

"तू एकटाच कसा सुटलास ते मालकाने तेव्हाच सांगितलंय आम्हाला. काय रे फितुरा, आता उरलेल्यांना धरून द्यायला आलास?"

नऊ वर्षं मिंगो ज्यांच्यासाठी जळत होता, त्यांच्या लेखी दगाबाज तोच होता.

सिल्वी विहिरीवर होती. त्याला पाहताच तिच्या हातातून बादली सुटली. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

"नुसतं परत आणू म्हणाले होते," ती पुटपुटली. "फटके मारू, कामाला लावू. फाशीचं कुणाच्या मनात होतं?"

"मी नवरा होतो तुझा, सिल्वी."

"नवरा?" तिचा आवाज फाटला. "तू बांधलेलं गाठोडं मला सापडलं. त्यात एकट्याचे कपडे होते. मला सांगितलंसुद्धा नाहीस तू!"

"तुला न्यायला येणारच होतो."

"आज?"

तेवढ्यात पलीकडच्या झोपडीतून फिबीमावशी भिंत चाचपत बाहेर आली. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. मुलं गेल्यापासून सिल्वीच तिला न्हाऊ घालत होती, मक्याची भाकर ताकात कुस्करून भरवत होती.

"सिल्वी, मिंगो आलाय ना गं? टायटस ओरडत होता."

धावत जाऊन सिल्वीने म्हातारीला सावरलं. म्हातारीने तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मिंगो, माझ्या ताटात जेवून वाढलास तू," ती म्हणाली. "मालकाच्या बोलण्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणून जीव धरून राहिलेय. खरं सांग पोरा, माझ्या लेकरांचा पत्ता मुकादमाला कुणी दिला?"

सिल्वीने डोळे मिटून घेतले. दारांच्या फटींतून सारी वस्ती कान देऊन उभी होती. एक नाव घेतलं की नऊ वर्षांचा डाग पुसला जाणार होता. मिंगोने सिल्वीच्या मनगटाकडे आणि त्यावरच्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "मीच दिला, मावशी."